भात कमी उतरतो तो क्षेत्र लहान म्हणून की लावणी उशिरा म्हणून?

बारवीकाठ (धागाकर्ता)
नोकरी ठाण्यात, शेती मुरबाड तालुक्यात, सगळी मिळून दीड एकर. जो भेटतो तो सांगतो, "तुकड्यांच्या शेतीत काही राहिलं नाही." मला हे पटत नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातले सुमारे 86 टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले निघाले. लहान शेतात एकरी उत्पादन मोठ्या शेतापेक्षा जास्त दिसतं, याकडे अमर्त्य सेन यांनी 1962 सालीच लक्ष वेधलं होतं.

माझ्या बांधाला लागून चुलत काकांचं खाचर आहे. माती तीच, बियाणं दोघांचं कर्जत-3, खतही सारखंच. ते पेरल्यापासून बाविसाव्या दिवशी रोप लावतात. मी सुट्टी बघून जातो, तोवर मजूर भिवंडीच्या गोदामांकडे गेलेले असतात. माझं रोप पस्तीस दिवसांचं होतं आणि वय झालेल्या रोपाला फुटवे (बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या) कमी येतात. गेल्या हंगामात सारख्याच क्षेत्रात त्यांना माझ्यापेक्षा चार गोणी जास्त झाल्या. तेवढ्याच खर्चात कोणाच्या पदरात किती पडलं, हीच तर कार्यक्षमता.

खर्डीकर
दादा, एकरी उत्पादन आणि कार्यक्षमता एक नव्हे. लहान शेतात घरची माणसं राबतात, त्यांची मजुरी कोणी हिशेबात धरत नाही. ती धरा, मग बोलू.

शिवाय तुमचं दीड एकर एका जागी असेल. आमचं तेवढंच पाच ठिकाणी आहे. खालच्या आठ गुंठ्यांत पॉवर टिलर न्यायचा तर दोघांच्या लावलेल्या खाचरातून जावं लागतं, म्हणून तिथली चिखलणी अजून बैलांवर. जमिनीचे बारीक तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, पण भावाभावांतली वाटणी दोरी टाकून होतच राहिली. सातबारावर चौदा नावं. पीककर्जाचा विषय निघाला की सह्यांसाठी विरार ते पनवेल फिरायचं. तुम्ही म्हणता ती लावणीची वेळ इथेच जाते.

माळशेजची_लेक
दोघांनीही लावणी करणाऱ्या हातांचा विचार केलेला नाही. भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, हाताने खोचायची असते. पद्धत चांगली आहे, खत वाहून जात नाही, मी स्वतः करून पाहिलंय. पण वीस गुंठ्यांत साधारण साडेबारा हजार ब्रिकेट होतात! वाकून त्या खोचतं कोण? आम्ही बायका. आणि प्रशिक्षणाला बोलावणं येतं सातबारावर नाव असलेल्याला. आमच्याकडे सासरे जाऊन आले. अंतर किती ठेवायचं ते घरी येऊन सांगायचं राहिलं आणि पहिल्या वर्षी अर्धं शेत चुकीचं लागलं. माहिती शेतात उतरणाऱ्या माणसापर्यंत पोचत नसेल, तर क्षेत्र दहा एकर असलं तरी तेच होणार.

खर्डीकर
ताई, हे मान्य. पण पाण्याचं काय? तानसा, भातसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबई-ठाण्याला. भात कापल्यावर ओलीवर वाल टाकतो, तोही मोकाट गुरांपासून वाचला तर. वर्षातले सात-आठ महिने जमीन रिकामी असेल, तर एका पिकाची कार्यक्षमता मोजून काय मिळणार?

बारवीकाठ
ताई, खरं आहे. माझ्या शेतातही ब्रिकेट आईच खोचते आणि अंतराबद्दल मी तिला कधी विचारलेलं नाही. या वेळी प्रशिक्षणाला तिलाच पाठवतो.

खर्डीकर, पाण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण लावणीचं बोलतो. आमच्या वाडीत सहा घरांनी राब (रोपवाटिका) एकाच आठवड्यात टाकायचा आणि टिलर वरच्या खाचरापासून क्रमाने खाली उतरवायचा, असं ठरतंय. शेजारची खाचरं लागायच्या आतच तो खाली पोचला, तर वाटेचा प्रश्न सुटतो.

खर्डीकर
सगळ्यात खालचं खाचर कोणाचं? त्याचं रोप तोवर किती दिवसांचं झालेलं असेल, तेवढं सांगा.

बारवीकाठ
माझंच. म्हणून माझा राब बाकीच्यांपेक्षा आठ दिवस उशिरा टाकतोय.