डिफॉल्ट पार्सरमध्ये ठेवू नका

धागाकर्ता:
वापरणाऱ्याने कमांड लाइनवर काय टाइप केलं, तेवढंच पार्सरने (कमांड लाइन वाचून तिचे ऑप्शन वेगळे करणाऱ्या कोडने) सांगावं. डिफॉल्ट, म्हणजे कुणीच काही दिलं नाही तर वापरायचं मूल्य, ठरवणं त्याचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. सेटिंगचं मूल्य घेताना सर्वांत वर कमांड लाइन, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये आधीच ठेवलेलं मूल्य), मग कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) आणि तळाशी डिफॉल्ट, हा क्रम बहुतेकांना मान्य असतो. पण पायथनच्या आर्गपार्स या तयार पार्सरमध्ये टाइमआउटला ३० हे डिफॉल्ट दिलं की तो मोडतो. फाइलमध्ये १२० आहे, कमांड लाइनवर काहीच दिलेलं नाही, तरी पार्सर ३० हातात देतो. ते माणसाने लिहिलं की पार्सरने भरलं, हे पुढच्या कोडला कळत नाही. स्टोअर-ट्रू प्रकारचे फ्लॅग (नुसतं नाव दिलं की ट्रू होणारे ऑप्शन) तर डिफॉल्ट न लिहिताही फॉल्स देतात आणि फाइलमधलं ट्रू गिळून टाकतात. डिफॉल्टच्या जागी आर्गपार्सचं सप्रेस हे खास मूल्य द्या, म्हणजे न दिलेला ऑप्शन निकालात येतच नाही. मग सगळे थर पायथनच्या चेनमॅपने (नाव वरच्या थरात नसेल तर खालच्यात शोधणाऱ्या साधनाने) एकावर एक रचा.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. सप्रेस दिलंत की हेल्पमध्ये डिफॉल्ट आपोआप दाखवणारा फॉर्मॅटर त्या ऑप्शनपुरता गप्प बसतो. वापरणारा सर्वांत आधी हेल्पच वाचतो, त्याला ३० दिसायलाच हवं. दोन टप्प्यांत पार्स करा. पहिल्या छोट्या पार्सरने फक्त कॉन्फिग फाइलचा पत्ता घ्यायचा (त्याचं हेल्प बंद ठेवा, नाहीतर हेल्प मागताच प्रोग्रॅम तिथेच थांबतो), फाइल वाचायची, त्यातली मूल्यं सेट-डिफॉल्ट्स या फंक्शनने मुख्य पार्सरला डिफॉल्ट म्हणून द्यायची आणि मग खरं पार्सिंग. क्रमही टिकतो, हेल्पही खरं बोलतं.

धागाकर्ता:
हेल्पचा मुद्दा खरा आहे, तो मजकूर मला हाताने लिहावा लागतो. पण तुमच्या पद्धतीत चॉइसेसची (चालणाऱ्या मूल्यांच्या यादीची) तपासणी डिफॉल्टला लागू होत नाही. लॉग लेव्हल कमांड लाइनवर चुकीची दिली तर एरर येते, तीच फाइलमध्ये चुकली तर निमूट आत जाते. शिवाय रिक्वायर्ड (सक्तीचा) ऑप्शन फाइलमध्ये असला तरी पार्सर तो कमांड लाइनवरच मागतो. म्हणून थर एकत्र झाल्यावर एकदाच तपासावं.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघंही प्रत्येक सेटिंगला ऑप्शन हवाच असं धरून चालला आहात. कशाला? रोजचे मोजके ऑप्शन ठेवा, बाकीच्यांसाठी गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या '-सी नाव=मूल्य'सारखी एकच वाट पुरते. आणि पासवर्डला तर ऑप्शन देऊच नका. लिनक्सवर प्रोसेसची कमांड लाइन एरवी मशीनवरच्या इतरांनाही पीएस या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसते.

प्रतिसाद १:
पासवर्डबद्दल पूर्ण सहमत. पण गिटच्या त्या वाटेने नावात एक अक्षर चुकलं तर गिट हूं की चूं करत नाही, सेटिंग फक्त लागू होत नाही. दुसऱ्या मशीनवर लॉगइन करायच्या एसएसएचचा '-ओ' हा तसाच ऑप्शन निदान नाव चुकल्याचं सांगून थांबतो. अनोळखी नाव नाकारणार असाल तरच ही वाट ठेवा.