हेलसिंकीहून एस्टोनिया: एका दिवसात टॅलिन उरकायचं की थांबायचं?

घोडबंदरवाली
नमस्कार मंडळी. बहीण हेलसिंकीला असते, जूनमध्ये मी आणि आई तिच्याकडे जातोय. तिला सुट्टी फारशी नाही म्हणून मधले चार-पाच दिवस आम्ही दोघीच फेरीने (बोटीने) एस्टोनियाला जाऊन यावं म्हणतोय. यूट्यूबवर बघावं तर सगळे सकाळी टॅलिनला, म्हणजे राजधानीला, उतरतात, ओल्ड टाऊनमध्ये फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत, एवढंच आहे का तिथे? आई पासष्टीची आहे, गुडघे कुरकुरतात, पण उपवनला रोज चालायला जाते, म्हणजे सपाटीवर कितीही चालेल, जिने नको. अंडं पण खात नाही. व्हिसा फिनलंडचा आहे, सिंगल एंट्री, तो चालेल ना? आणि गाडी भाड्याने घ्यावी लागते की बसने भागतं? २३ जूनला तिकडे पोचायचा विचार आहे.

सानपाडाकर
तारीख आधी बदला. २३ आणि २४ जून दोन्ही दिवस तिकडे सरकारी सुट्टी, २३ च्या रात्री मोठमोठ्या शेकोट्या पेटवून यानिपायेव म्हणजे त्यांचा मिडसमर साजरा करतात आणि अर्धं टॅलिन गावाकडे पळालेलं असतं. दुकानं बंद, बेटांच्या फेरीला गाड्यांची रांग. फिनलंडमध्येही त्याच सुमाराला हाच प्रकार असतो, त्यामुळे बहिणीला सुट्टी मिळेल ती तेव्हाच मिळेल, ते दिवस तिच्याबरोबर काढा आणि २५ नंतर निघा. अर्थात शेकोटी बघायचीच असेल तर टॅलिनच्या कडेला रोक्का अल मारेला ओपन एअर म्युझियम आहे, जुनी शेतकऱ्यांची घरं, पवनचक्क्या वगैरे आणून उभ्या केल्यात, तिथे त्या रात्री कार्यक्रम असतो.

व्हिसाचं टेन्शन नको. दोन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहेत, बोटीने गेलात तरी शेंगेनच्या बाहेर पडत नाही, सिंगल एंट्री पुरते. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, बहिणीच्या घरी ठेवून जाऊ नका. बोटीला दोन ते अडीच तास लागतात. हेलसिंकीत कंपनीप्रमाणे बंदर वेगळं आहे, तिकिटावर टर्मिनल नीट वाचा नाहीतर सकाळी सकाळी धावपळ.

ओल्ड टाऊनबद्दल सांगतो. वरचा भाग तूम्पेआ टेकडीवर आहे, खालून चढत गेलात तर आईचे गुडघे बोलणार, शिवाय सगळीकडे दगडी फरशी, चाकाची बॅग ओढायचा विचारही करू नका. टॅक्सीने थेट वर जा (बोल्ट ॲप तिथलंच आहे), रशियन चर्च बघा, कोहतुओत्साच्या कट्ट्यावरून लाल कौलं आणि मागे समुद्र बघा आणि मग हळूहळू उतरत टाऊन हॉलच्या चौकात या. चौकातच ते औषधाचं दुकान आहे, १४२२ पासूनच्या नोंदी आहेत त्याच्या आणि आजही औषधं विकतात. ओलेविस्ते चर्चच्या टॉवरवर मात्र आईला चढवू नका, अरुंद गोल जिना आहे.

खारघर_हिल्स
सगळे ओल्ड टाऊनच सांगणार, म्हणून मी दलदल सांगते 😄 हसू नका. दलदल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ठाण्याच्या खाडीचा काळा चिखल आणि वास येतो, तिथे तसं काहीच नाही, वास नाही, चिखल नाही. टॅलिनपासून पूर्वेला तासाभरावर लाहेमा नॅशनल पार्क आहे, १९७१ चं, सोव्हिएत युनियनमधलं पहिलं नॅशनल पार्क ते, त्यात विरू राबा म्हणून बॉग आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट टाकलीय, ती पूर्ण सपाट. मधे एक मनोरा आहे, आईंनी नाही चढला तरी चालतं. छोटी छोटी तळी, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं पण स्वच्छ, लोक चक्क पोहत असतात त्यात.

तिथे पायाशी बघत चाला, दूरचा व्ह्यू सगळे बघतातच. फळीला लागून शेवाळावर नखाएवढी लाल पानं दिसतील, पानाच्या केसांवर दवासारखे चिकट थेंब, त्यात एखादं चिलट अडकलेलं. किडे खाणारी वनस्पती आहे ती, कारण त्या आंबट पाण्यात खत म्हणून काही नसतंच. पाइनची झाडंही त्यामुळेच खुरटलेली, आपल्या खांद्याला लागतील एवढीशी आणि वयाने शंभरीच्या आसपास. खाली सगळं कुजलेल्या शेवाळाचे थर, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. म्हणून फळीवरून खाली पाय ठेवायचा नाही, नुसतं पाय रुततो म्हणून नाही, ते तुडवलं की परत यायला किती वर्षं लागतील हिशोब करा.

दोन गोष्टी. जूनमध्ये डास असतात, आणि जंगलाच्या गवतात गोचिडी, त्या आजार पसरवतात, तेव्हा फुल पँट, मोजे, आणि संध्याकाळी एकमेकींचे पाय तपासा. बसने जाता येतं, पण स्टॉप हायवेवर आणि परतीची बस चुकली की बसून राहा, त्यामुळे तिथे गाडी किंवा टूर बरी. गाडी असेल तर त्याच दिवशी कॅस्मू हे कॅप्टन लोकांचं गाव आणि याग्याला धबधबा पण होतो. धबधबा आठ मीटरचा आहे, माळशेज बघितलेल्यांनी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

कोपरीचा_पक्या
दलदल ठीक आहे पण चार-पाच दिवस हाताशी असतील तर सारेमा बेट सोडू नका असं माझं ठाम मत. खारघर ताईंनी गाडी सांगितली, सारेमाला पोचायला तीही लागत नाही, टॅलिनहून कुरेसारेची बस पकडा, बस फेरीत चढते, विर्त्सू ते कुइवास्तू अर्धा तास पण नाही, पलीकडे मुहू बेट आणि मग पाण्यातून बांधलेला रस्ता थेट सारेमाला. चारेक तासात दारात. कुरेसारेला मध्ययुगीन किल्ला आहे, भोवती खंदक अजून पाण्याने भरलेला. बेटावरच काली गावात उल्कापाताचा खड्डा आहे, ११० मीटर रुंद, गोल, तळाशी हिरवं पाणी. आमच्यासारख्या लोणार बघितलेल्यांना छोटा वाटेल, पण लोणारला वर उभं राहून बघतो, इथे चार पावलं उतरलं की आपण खड्ड्यातच. बेटावर फिरायला एका दिवसापुरती गाडी घ्या, त्यासाठी आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा परवाना) ठाणे आरटीओतून इथूनच काढून न्या, आणि तिकडे दिवसाढवळ्या पण हेडलाइट चालू ठेवायचा नियम आहे.

@सानपाडाकर साहेब, तुमचा तूम्पेआचा प्लॅन पटला, पण ओल्ड टाऊनच्या हॉटेलांत जेवू नका हे सांगायचं राहिलं. महाग. स्टेशनजवळ बाल्टी यामा मार्केट आहे तिथे जा, पलीकडे तेलिस्किवी, जुन्या कारखान्यांची आता दुकानं-कॅफे झालेत.

नेरूळची_काकू
आईच्या जेवणाचं मी सांगते, कारण बाकी सगळे गडकिल्लेच सांगत बसलेत. काळजी करू नकोस गं, सुपरमार्केटमध्ये काळी पावाची लादी, लोणी, चीज, दही, बेरी सगळं मिळतं. जूनच्या शेवटी स्ट्रॉबेरी यायला लागते. कामा म्हणून भाजलेल्या जव, राय, ओट आणि वाटाण्याचं पीठ मिळतं, ते आंबट दुधात कालवून साखर घालून खातात, आईंना नक्की आवडेल. मात्र पावावर छोटा मासा ठेवून देतात तो सगळीकडे असतो, मागताना विचार. पाकिटातल्या केकमध्ये अंडं असतंच, त्याच्या नादी लागू नका. थालीपीठ भाजणी नेलीस तर उत्तम, स्वयंपाकघर असलेली खोली घे.

आणि काद्रिओर्ग बागेत आईंना न्या, पीटर द ग्रेटने बांधायला घेतलेला राजवाडा आहे, बाग सपाट, बाकं भरपूर. तिथून पुढे समुद्राकडे गेलं की गाण्याच्या उत्सवाचं मैदान, भली मोठी कमान. १९८८ मध्ये याच मैदानावर लाखो लोक बंदी असलेली देशभक्तीची गाणी गायला जमले आणि तीन वर्षांत देश स्वतंत्र झाला. मैदान एरवी रिकामं असतं, कोणी म्हणेल काय बघायचंय, पण ही गोष्ट आईंना आधी सांगून मग न्या.

घोडबंदरवाली
काय भारी माहिती दिलीत सगळ्यांनी! तारीख २६ केली. दोन रात्री टॅलिन, दोन रात्री कुरेसारे, बॉगला टॅलिनहून टूर. आईला गाण्याची गोष्ट सांगितली तर म्हणाली ते मैदान पहिल्या दिवशीच बघायचं. एकच शंका, रात्री किती वाजता अंधार पडतो?

खारघर_हिल्स
साडेदहाच्या पुढे सूर्य मावळतो आणि काळोख असा होतच नाही. आईंना झोपेला डोळ्यावरची पट्टी घ्या, हॉटेलचे पडदे भरवशाचे नसतात. आणि पातळ जॅकेट ठेवा, जून असला तरी समुद्राचा वारा गार असतो.

कोपरीचा_पक्या
कुरेसारेच्या परतीच्या बसचं तिकीट जातानाच काढा, रविवारी संध्याकाळी सगळे टॅलिनला परततात.