रायझोबियम मातीत गेल्यावर बदलतं का?

काळीमाती: सोयाबीनच्या बियाण्याला दरवर्षी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे बॅक्टेरिया) कल्चर चोळतो, पण ते बॅक्टेरिया जमिनीत गेल्यावर तसेच राहतात की त्यांचे जीन्स बदलतात?

सूक्ष्मवेडा: बदलतात, आणि नुसत्या म्युटेशनने (जीनमधल्या छोट्या बदलाने) नाही तर गठ्ठ्याने. न्यूझीलंडमधे लोटस नावाच्या शेंगवर्गीय चाऱ्याला एकच स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण) लावला होता, सात वर्षांनी मुळांवरच्या गाठी तपासल्या तर बऱ्याच गाठींत भलतेच बॅक्टेरिया, म्हणजे तिथल्याच मातीतले, ज्यांना आधी गाठी करताच येत नव्हत्या, त्यांनी टाकलेल्या स्ट्रेनकडून साधारण ५ लाख बेसचा (डीएनएची अक्षरं) डीएनएचा अख्खा तुकडा उचलला होता, गाठ करायचे आणि नत्र स्थिर करायचे जीन्स त्यातच. १९९५ ला पेपर आलाय.

काळीमाती: मग बरंच की, फुकटात कल्चर 😄

शिवारकट्टा: एवढं सोपं नाय. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला नावाच्या शेंगवर्गीय चाऱ्यात असंच झालं, पण नव्या बॅक्टेरियांपैकी काही गाठी करतात आणि नत्र देतच नाहीत, झाडाचं मात्र खातात. फुलोऱ्याच्या सुमाराला गाठ कापून बघा, आत गुलाबी असेल तर काम चालू, पांढरी हिरवट असेल तर शंका घ्या.