बास गिटारचे झिजलेले फ्रेट घासावेत की बदलावेत?

प्रश्न:
माझी चार तारांची बास गिटार नऊ वर्षांची असून आठवड्यातून दोन-तीन वेळा मी ती ऑर्केस्ट्रात वाजवतो. स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खडबडीत) तारांमुळे ई आणि ए या जाड तारांखाली तिसऱ्या व पाचव्या फ्रेटवर (दांड्यावरील धातूच्या आडव्या पट्टीवर) खाचा पडल्या आहेत आणि तेथे दाबले की तार खरखरते. दुरुस्ती करणारे सगळेच फ्रेट बदलावे लागतील असे म्हणतात. घासून काम भागेल का?

प्रतिसाद 1:
कानस हाती घेण्याआधी नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा, बाक पाहावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी जागा असावी. जागा अजिबात नसेल, तर आधी ट्रस रॉड (नेकमधील बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) थोडा सैल करून पाहावा. बाक ठीक असूनही खरखर राहिली, तर दोष खाचांचा आहे, कारण तिसऱ्या फ्रेटवरील खाचेत बसलेली तार खाली जाते आणि पुढच्या, न झिजलेल्या चौथ्या फ्रेटला घासते.

फ्रेट सपाट करायचे म्हणजे बाकीचे सारे फ्रेट सर्वांत खोल खाचेच्या पातळीवर आणायचे. म्हणून उंची मोजावी: फ्रेट 1.1 मिलिमीटर आणि खाच 0.2 असेल, तर बदलण्याचे कारण नाही. पण घासून 0.6 च्या खाली जाणार असेल, तर मी बदलण्याच्याच बाजूने आहे.

प्रतिसाद 2:
वरील मताशी सहमत आहे, मात्र पहिला प्रयोग स्वतःच्या आवडत्या वाद्यावर करू नये. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असल्यामुळे सरकवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला असतो आणि घासलेला धातू परत येत नाही. घरी करायचेच असेल, तर फिंगरबोर्डवर (फ्रेट बसवलेल्या लाकडी पृष्ठभागावर) मास्किंग टेप लावावी, फ्रेटच्या माथ्यांवर मार्करची शाई फिरवावी आणि सपाट कानस शाई सगळीकडून पुसली जाईपर्यंतच चालवावी. त्यानंतर माथ्यांना पुन्हा गोलाई देणे अनेकजण टाळतात आणि तेथेच फसतात, कारण सपाट माथ्यावर तार मधोमध न टेकता कडेवर टेकते आणि स्वर किंचित बेसूर लागतो. शेवटी 400 पासून 2000 नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर क्रमाने वापरावा.

नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू असून स्टीलपेक्षा मऊ असतो. त्यामुळे स्टीलऐवजी निकेलच्या किंवा फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावल्यास झीज बरीच मंदावते, अर्थात आवाजातील धार थोडी कमी होते.

प्रश्नकर्ता:
मोजमाप केले. उंची 1 मिलिमीटर असून सर्वांत खोल खाच 0.15 भरली, त्यामुळे फ्रेट बदलणे रद्द केले आहे. नेक अगदी सरळ निघाला होता. ट्रस रॉड पाव फेरा सैल केल्यावर ई तारेची खरखर थांबली, ए तारेची तिसऱ्या फ्रेटवर अजून आहे. तेवढ्यासाठी घासकाम कारागिराकडूनच करून घेईन, आणि पुढचा संच निकेलच्या तारांचा लावीन.