अल्पीनचे टायर स्टँडला चिकटले. सोलापूरच्या उन्हात मॉडेल गाड्या कशा ठेवता?

चादरवाला४३ (सोलापूर):

नमस्कार मंडळी. रविवारी कपाटातल्या गाड्या पुसायला काढल्या. अल्पीन ए११० उचलायला गेलो तर चारही टायर खालच्या काळ्या प्लास्टिकला लाखेनं डकवल्यासारखे बसलेले. कडेनं बघितलं तर टायरखाली प्लास्टिक विरघळून चकचकीत ओघळ आलाय. जोर लावला तर एक्सल वाकेल, म्हणून हात आखडता घेतला. हे कशानं होतं आणि आता सोडवायचं कसं?

गाडी कुठली ते सांगतो, म्हणजे जीव का तुटतोय ते कळेल. निळी, १८ नंबर, मोंटे कार्लो रॅली १९७३. वन-फॉर्टीथ्री स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची, लांबीला जेमतेम नऊ सेंटिमीटर. पुढच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात नावं आहेत, आंद्रुए आणि बिश. बिश म्हणजे कुणीतरी मिशाळ बाप्या असणार असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा वाचलं की ती मिशेल पेती, गाडी चालवणाऱ्या आंद्रुएच्या शेजारी बसून रस्त्याची टिपणं वाचणारी. बिश हे तिचं टोपणनाव, फ्रेंचमध्ये हरिणी. जागतिक रॅली अजिंक्यपद १९७३ साली सुरू झालं, त्यातली पहिलीच रॅली ही, आणि ती ह्या दोघांनी जिंकली. वर्षअखेरीस कंपन्यांचं अजिंक्यपदही अल्पीनकडेच गेलं. दिएप नावाच्या समुद्रकाठच्या गावातली छोटी कंपनी, फायबरची बॉडी, इंजिन मागं. नंबरप्लेटच्या शेवटी ७६ दिसतं, तो तिकडच्या जिल्ह्याचा आकडा, आपल्या एमएच १३ सारखा. ही प्लेट मी भिंगातून किती वेळा वाचली असेल, विचारू नका.

ठेवायची जागा म्हणजे वरची खोली. वर पत्रे, पश्चिमेची भिंत. मे महिन्यात बाहेर ४३ असलं की आत काय असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. खाली जागा नाही, कारण खालचं कपाट "माणसांच्या कपड्यांसाठी" आहे. घरच्यांचं म्हणणं एवढंच की ह्या गाड्यांत बसताही येत नाही आणि ह्या विकताही येत नाहीत. दोन्ही खरं आहे.

दुसरा प्रश्न. दिवाळीच्या बोनसमधले थोडे पैसे अजून बाजूला आहेत. अठराव्या स्केलमध्ये रेनो ५ टर्बो घ्यायचीय, १९८१ मोंटे कार्लोवाली, ९ नंबर, जाँ रान्योतीनं चालवलेली. रेझिनची (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारखी) घेऊ की धातूची? ह्या गाडीपायीच मला हे वेड लागलं. मामा मस्कतला होते. १९८६ च्या गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा त्यांनी माजोरेट कंपनीची तीन इंची रेनो ५ टर्बो आणली. गड्ड्यातल्या पत्र्याच्या मोटारी मी आधी पाहिलेल्या, पण ही बोटानं दाबली की खाली बसायची आणि सोडली की वर यायची. स्प्रिंग होती! दोन दिवस मी ती नुसती दाबत बसलो होतो.

रीळ_आणि_रेझिन (पुणे):

आधी एक सांगतो, ओढू नका.

हे टायर मऊ पीव्हीसीचे असतात. मऊपणासाठी त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि खालचं स्वस्त प्लास्टिक खातं. गाडीचं वजन सतत त्याच चार ठिपक्यांवर, त्यात तुमचा मे महिना. पुण्यातही होतं, तुमच्याकडे लवकर होतं.

सोडवायचं असं: स्टँड उलटा करा, खालचे दोन स्क्रू काढा. मग गाडी स्टँडसकट झिपच्या पिशवीत घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, पिशवी हवाबंद हवी, नाहीतर पाणी धरेल. थंड झाल्यावर टायर आणि स्टँडच्या मधून बारीक मजबूत दोरा घाला आणि करवतीसारखा मागं-पुढं ओढा. मी दात साफ करायचा दोरा वापरतो. तुमच्या गावात दोऱ्याला तोटा नाही.

परत बसवताना टायर टेकूच देऊ नका. स्क्रूवर एकेक वॉशर चढवा, गाडी अर्धा मिलिमीटर अधांतरी राहते, कुणाच्या लक्षातही येत नाही. ते जमलं नाही तर टायरखाली स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा.

आणि प्लास्टिकची पेटी घट्ट बंद ठेवू नका. रंगाचा, डिंकाचा वास आतच कोंडतो आणि पुढं रंगाला फोड येतात. मागच्या बाजूला एक बारीक भोक पाडा.

सातरस्ता (सोलापूर):

का बे, गाववाला निघालास की! पत्र्याखाली गाड्या ठेवायलास आणि वर विचारायलास कशानं होतं म्हणून? पहिलं त्या खाली आण. आमच्या जुन्या घराला माळवद आहे, हातभर जाडीच्या भिंती. उत्तरेच्या भिंतीतल्या कोनाड्यात माझ्या तीस-बत्तीस गाड्या बसल्यात, आजवर एकीचा टायर वितळला नाही. आजोबांनी माळवद माझ्या गाड्यांसाठी घातलं नव्हतं, पण उपयोगाला आलं.

आमचा त्रास वेगळाय. शेजारी यंत्रमाग, दिवसभर खडखड आणि कापसाचे तंतू. ते बोनेटवर बसतात, वायपरला अडकतात. मी एकदा ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, तर रेनो ८ गोर्दिनीच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांतली अर्धी पट्टी फडक्यावर आली. निळ्या गोर्दिनीची पट्टी गेली तर उरलं काय? पाण्याचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची नक्षी) होते ते, पाणी लागताच निघाले. तेव्हापासून बायकोचा जुना मेकअपचा ब्रश, कोरडा, वरून खाली. तो ब्रश जुना आहे की नाही ह्यावर आमच्यात अजून वाद आहे.

ट्यूबलाइटखाली ठेव, चालेल. खिडकीत ठेवू नको. उन्हानं पांढरे डेकल पिवळे पडतात. दिवे मात्र मुळातच पिवळे असतात, ते पिवळे पडले म्हणून घाबरू नको. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच लागायचे.

कल्याणलोकल (डोंबिवली):

रेझिन की धातू, ह्यावर माझं मत ठाम आहे: पत्र्याखाली रेझिन नको.

रेझिनच्या गाडीची बॉडी सुंदर असते, कडा धारदार, जाळ्या बारीक. पण उन्हात बॉडी किंचित वाकू शकते, आणि आरसे, वायपर, खिडक्या सगळं डिंकावर उभं असतं. मी फ्रान्समधून एक मागवली होती. ड्यूटी भरून घरी आली तेव्हा आरसा आणि अँटेना डब्यात लोळत होते. कुरियरवाला म्हणाला, "डबा तर कुठं दबलेला नाही." डबा खरंच दबलेला नव्हता.

शिवाय ऑटोमोबिल नावाच्या मॉडेल कंपनीच्या अठराव्या स्केलच्या रेझिनमध्ये बहुतेक काहीच उघडत नाही. सोलिदो कंपनीची धातूची असते, दारं उघडतात, किंमतही कमी. रेनो ५ टर्बोची सगळी गंमतच ही की बाहेरून गल्लीतली छोटी गाडी आणि आत मागच्या सीटच्या जागी इंजिन. १३९७ सीसी, वर टर्बो. दार उघडून आत डोकावता आलं नाही तर मग फोटोच लावा भिंतीवर.

जागेचा हिशोबही करा. अल्पीन अठराव्यात घेतली तरी एकवीस सेंटिमीटर होते. तेवढ्यात त्रेचाळीसवाल्या चार मावतात.

बिशवरून आठवलं. शेजारी बसणाऱ्यांची चूक किती महाग पडते बघा: १९८५ च्या मोंटे कार्लोत प्यूजो २०५ टी१६ च्या सहचालकाकडून एका नोंदणी चौकीवर वेळेआधी नोंद झाली, आठ मिनिटं दंड. तरीही आरी वातानेननं भरून काढून ती रॅली जिंकली. ती गाडी माझ्याकडे आहे. खऱ्या २०५ शी तिचं फक्त तोंड जुळतं, बाकी इंजिन मध्यात, चारही चाकांना ताकद. नियमात बसायला अशा २०० गाड्या बांधाव्या लागल्या होत्या. आमच्या कल्याणजवळ नव्वदीत प्यूजो ३०९ बनायची, शेजारच्या काकांकडे होती. त्यांना मी हे मॉडेल दाखवलं तर म्हणाले, "हिचे पार्ट तरी मिळतात का?"

रीळ_आणि_रेझिन (पुणे):

सोलिदोशी सहमत. फक्त घेण्याआधी विक्रेत्याकडून तळाचा फोटो मागा, टायर स्टँडवर टेकलेत का ते दिसतं. आणि जुनी धातूची कुठं सापडली तर रंगाखाली बारीक तडे बघा. जस्ताच्या मिश्रणात शिसं जास्त गेलं की धातू आतून कुजतो, फुगतो, बिस्किटासारखा भुगा होतो. त्याला औषध नाही.

चादरवाला४३ (सोलापूर):

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

शनिवारी रात्री फ्रिजमध्ये भेंडीशेजारी अल्पीन ठेवली. सकाळी दूध घ्यायला फ्रिज उघडला गेला आणि माझ्या नावानं हाक आली, ती इथं लिहीत नाही. दोरा कारखान्यातून आणला, टॉवेलच्या ताण्याचा पिळाचा. तीन टायर अलगद सुटले. मागच्या डाव्या टायरची साल मात्र स्टँडवरच राहिली, तो आता खालून चपटा आहे. ती बाजू भिंतीकडं केली. वॉशर घड्याळजीकडून आणले, दोन रुपयांना चार. गाडी अधांतरी बसली. कागदाची पट्टी चाकाखालून सरकवून बघितली, सरकते. दिवसातून दोनदा सरकवतोय सध्या.

सातरस्ता, खालच्या कपाटातला एक कप्पा मिळाला. बदल्यात दोन स्वेटर आणि माझा लग्नातला सूट वर पत्र्याखाली गेले. सोलापुरात सूट घालतं कोण?

सोलिदोची रेनो सांगितली. ती येईपर्यंत मामांची माजोरेट शोधून काढली, आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली होती. पिवळा रंग निम्मा उडालाय, पुढचं एक चाक नाही. मागून दाबली. अजून वर येते.

सातरस्ता (सोलापूर):

फोटो टाक की बे.