अंबरनाथचे शिवमंदिर व्हीलचेअरवरून कितपत पाहता येईल?

ठाणेकर_लेक: माझे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. पक्षाघातानंतर त्यांची डावी बाजू अधू झाली असून आधार दिल्यास ते चार-सहा पावले चालतात, एरवी व्हीलचेअर लागते. वर्गात वर्षानुवर्षे शिलाहार राजघराणे शिकवूनही अंबरनाथला जाणे त्यांना कधी जमले नाही. देवदर्शनापेक्षा त्यांना शिल्पे पाहण्याची ओढ अधिक आहे. तिथल्या पायऱ्या, गर्दी आणि लोकलचा प्रवास यांबद्दल प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

दगडफूल: आधी नकाराचे सांगतो. गाभारा मंडपाच्या पातळीच्या बराच खाली असून तिथे पोहोचण्यासाठी सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. त्या अरुंद आणि ओलसर असल्यामुळे तुमच्या वडिलांनी तो नाद सोडलेला बरा. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन प्रवेशद्वारे असली तरी प्रत्येक ठिकाणी चढण आणि उंबरठा आहेच.

परंतु या देवळाचे खरे वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे. भूमिज शैलीतील (शिखरावर लहान शिखरांच्या ओळी रचण्याची पद्धत) या मंदिराची भिंत सरळ न जाता कोनाकोनांनी पुढे-मागे होते, त्यामुळे खुर्ची दोन-तीन हात सरकवली की आधी न दिसलेली मूर्ती समोर येते. उभे असलेले पर्यटक मान वर करून देवदेवता शोधत राहतात आणि जोत्यावरचे (पायथ्याचे) कोरीव थर बघायचे राहून जातात. बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर मात्र नेमके तेच येतात. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मामवाणि याच्या काळातला शिलालेख उत्तरेच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस आहे. तो खालून वाचणे धडधाकट माणसालाही कठीण जाते, म्हणून त्याचा छापील पाठ सोबत न्यावा.

चाकांवरची_भटकंती: मी स्वतः व्हीलचेअर वापरते, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. फरसबंदीच्या सांध्यांत पुढची लहान चाके रुततात. अशा वेळी जोर लावून ढकलू नये, खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी काढावीत. दुसरे असे की, मदतीला धावून आलेली मंडळी विचारल्याशिवाय खुर्चीसकट उचलायला लागतात. वडिलांना उचलून घेतलेले चालेल का, हे घरातून निघण्यापूर्वी त्यांनाच विचारा. चालणार नसेल, तर तिथे कोणी कितीही आग्रह केला तरी ठाम राहा. मला स्वतःला ते मुळीच आवडत नाही.

महाशिवरात्रीची जत्रा आणि श्रावणी सोमवार टाळावेत. देऊळ स्थानकाच्या पूर्वेला, रिक्षाच्या अंतरावर आहे. ठाण्याहून सकाळी निघाल्यास मुंबईकडे जाणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने प्रवास होईल. दिव्यांगांच्या राखीव डब्यात चढता येत असले तरी फलाट आणि डबा यांच्यातली फट लक्षात घेता सोबत दोन माणसे हवीत. माझे मत विचाराल तर सरळ गाडीच करावी.

ठाणेकर_लेक: मंडपात जाण्यासाठी कायमचा उतार का करत नाहीत? दिव्यांगांसाठी कायदा आहे ना?

कागदपत्रे: आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक आहे. मात्र हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असल्याने 1958 च्या पुरातत्त्व अधिनियमानुसार तिथे परवानगीशिवाय साधा खिळाही ठोकता येत नाही. त्यामुळे दगडाला न चिकटवलेला, काढता-घालता येणारा उतार हाच व्यवहार्य मार्ग उरतो. उंचीच्या बारापट लांबी हे प्रमाण धरल्यास 15 सेंटीमीटरच्या एका उंबरठ्यासाठी 180 सेंटीमीटर लांबीची फळी लागेल. सलग पायऱ्यांवर हा हिशेब पुरवणार नाही. तशी सोय करावी, अशी लेखी मागणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे करता येते. पत्रात पायऱ्यांची मापे आणि छायाचित्रे जोडावीत, नुसत्या तक्रारीला तोंडदेखले उत्तर मिळते.

ठाणेकर_लेक: बाबांना विचारले. उचलून नेणे नको, बाहेरून प्रदक्षिणेइतके फिरलो तरी पुष्कळ झाले, असे ते म्हणाले. गाडी ठरवते आहे. मोजपट्टी घेऊन जाते आणि मापे इथेच देते.

दगडफूल: पावसाळा उलटल्यावर जा, शेवाळावर चाके घसरतात. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, तेव्हा दर्शनी बाजूला ऊन हवे असेल तर दुपारनंतर थांबावे लागेल.