केमोकाइन रोखणारे औषध संधिवातावर का देत नाहीत?

मीनाक्षी, सेलू: माझ्या आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तिची बोटे इतकी आखडलेली असतात की तास-दीड तास तिला भाकरी थापता येत नाही. डॉक्टरांनी नुकतेच आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू केले आहे. सूज आणणाऱ्या पेशींना सांध्याकडे बोलावणारी केमोकाइन नावाची प्रथिने असतात, असे वाचनात आले. मग थेट तीच रोखणारे औषध का देत नाहीत? ते पुण्या-मुंबईला मिळत असल्यास तिला घेऊन जाण्याची आमची तयारी आहे.

स्नेहल, लातूर: मीनाक्षीताई, संधिवातासाठी असे औषध अजून कुठेही मान्य झालेले नाही, त्यामुळे आईंना प्रवासाची दगदग नको. तुमचे वाचन मात्र बरोबर आहे. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातून केमोकाइन पाझरतात आणि ज्या बाजूला त्यांचे प्रमाण वाढत जाते त्या बाजूला रक्तातील पांढऱ्या पेशी सरकत जातात. सीसीएल२ हे केमोकाइन मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढते, तर सीएक्ससीएल१३ हे बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना. अडचण अशी की माणसाच्या शरीरात केमोकाइन पन्नासच्या आसपास आहेत, त्यांना ओळखणारे पेशींवरील रिसेप्टर (ग्राहक प्रथिने) सुमारे वीस, आणि त्यांच्या जोड्याही ठरलेल्या नाहीत, म्हणून एक वाट अडवली तरी पेशी दुसऱ्या वाटेने सांध्यात पोहोचतात. सीसीआर५ हा रिसेप्टर अडवणारे मॅराव्हिरॉक २००७ पासून एचआयव्हीसाठी वापरात आहे. संधिवाताच्या चाचणीत मात्र मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देऊनही त्याचा उपयोग झाला नाही.

डॉ. विवेक, अंबाजोगाई: स्नेहलताईंच्या उत्तरात थोडी भर घालतो. केमोकाइन अडवण्यापेक्षा ते तयारच कमी व्हावेत, हा मार्ग अधिक उपयोगी ठरला आहे. टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखणारी इंजेक्शने आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या इतर परिणामांबरोबर हेही साधतात. कोडातही हाच मार्ग वापरतात: तिथे टी-पेशी या पांढऱ्या पेशींना त्वचेकडे ओढणारे सीएक्ससीएल१० हे केमोकाइन इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनाच्या आदेशाने तयार होते. तो आदेशच अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र टीएनएफची इंजेक्शने किंवा या गोळ्या सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला क्षय त्यांमुळे उफाळू शकतो.

आईंच्या मेथोट्रेक्सेटचा वार कृपया पाकिटावर ठळक लिहून ठेवा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. तिचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका.